रेवदंड्याचा युरोप

आमचे साडू युरोपला जाऊन आले आणि आमच्या घरातली शांतता गेली.

तसे त्यांचे जाणे काही अघटित नव्हते. हल्ली आमच्या सोसायटीतल्या निम्म्या मंडळींना व्हिएन्नाचे रस्ते दादरच्या गल्ल्यांइतके पाठ असतात. परंतु साडूंनी नुसता युरोप पाहिला नाही. तो नदीतून पाहिला. डॅन्यूब नदीवर म्हणे तरंगती हॉटेले असतात. रात्री आपण निजायचे आणि सकाळी पडदा सारला की खिडकीशी नवे शहर उभे! आज पासाऊ, उद्या व्हिएन्ना, परवा बुडापेस्ट. प्रत्येक शहराच्या वाट्याला तीन-चार तास. काठीवर पाटी उंच धरलेला वाटाड्या पुढे, मंडळी मागे. एक चर्च, एक किल्ला, एक कॉफी, की दुपारच्या जेवणाला पुन्हा बोटीवर हजर. साडूंनी आम्हांला चारशे छायाचित्रे दाखविली. त्यांतल्या साडेतीनशेंत ते स्वतः उभे होते आणि उरलेल्या पन्नासांत त्यांची कॉफी होती.

त्या रात्री घरी परत येताना कोणी काही बोलले नाही. पण घरातल्या माणसांचे न बोलणे किती मोठ्याने ऐकू येते, हे कुटुंबवत्सल वाचकांना मी सांगायला नको. मी कॉलेजात मराठी शिकवितो. माझ्या पगारात डॅन्यूब बसत नव्हती. कुंडलिका बसत होती.

"आपणही युरोपातले शहर पाहू," नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर मी जाहीर केले. "बोटीने जाऊ, नदीतून फिरू. तीन तासांत शहर पाहून होईल. पासपोर्ट लागणार नाही."

"कुठे?" चिरंजीव उडालाच.

"रेवदंड्याला."

यावर आमच्या कन्येने जो चेहरा केला, तो वर्णन करण्याची माझी ताकद नाही. तिचे माझ्याशी आधीच बिनसले होते. ती दहावीत. अकरावीला मराठी सोडून फ्रेंच घ्यायचे, कारण फ्रेंचमध्ये गुण खिरापतीसारखे मिळतात, असे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवून टाकले होते. घरात दोन आठवडे त्यावर रण माजले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या विभागात आम्ही पेढे वाटले होते; पेढे अर्ध्या किलोत पुरले, कारण तिसऱ्या वर्षाला विद्यार्थी अकराच होते. आता घरातलीच मुलगी मराठी सोडणार म्हटल्यावर माझी अवस्था काय झाली असेल! आमची सौ. मध्यस्थी करीत म्हणाली, "अहो, भाषा सोडतेय, बापाला नाही." पण मला त्यात फारसा फरक दिसत नव्हता.

आई मात्र रेवदंड्याचे नाव काढताच कपाटातून प्रवासाची पिशवी काढायला लागली. चौलला तिचे आजोळ. आजोळची वाडी कधीच विकली गेली, मामा-मावश्या गेल्या. चाळीस वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती.

माझे म्हणणे अगदीच थापेबाजीचे नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. रेवदंडा म्हणजे जुने खालचे चौल. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे गढी बांधायला घेतली आणि १७४० पर्यंत ते इथून हलले नाहीत. दोनशे एकोणीस वर्षे! पेशवाई बुडाल्यापासून स्वातंत्र्य मिळेपर्यंत इंग्रजांचे राज्य महाराष्ट्रावर एकशे एकोणतीस वर्षे होते. रेवदंड्याला चर्चची पहिली घंटा वाजली असेल, तेव्हा न्यूयॉर्क शहराचा पाया पडायला शंभर वर्षे अवकाश होता. मग या शहराला युरोपातले म्हणायला हरकत काय? ते युरोपात नव्हते, एवढीच काय ती उणीव.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या रो-रो बोटीने आम्ही निघालो. २०२० साली ही बोट सुरू झाल्यापासून मांडवा तासाभरावर आले आहे. मोटारी पोटात घालून ती इतक्या डौलाने चालते की डॅन्यूबवाल्यांनीही मान डोलवावी. चिरंजिवाने घरातली लांब छत्री आणली होती आणि तिच्या टोकाला 'गाईड' अशी पाटी बांधली होती. बोट मोकळ्या पाण्यात आल्यावर आई रेवसच्या बाजूला बघत गप्प झाली. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आईचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण अलिबागकडच्या घरांत ही गोष्ट पुढच्या पिढीला भाताबरोबर भरवतात. तिने पिशवीतून नारळ काढला, पाण्यात सोडला आणि हात जोडले. कन्येने कानांतली यंत्रे काढून विचारले, "आजी, काय झालं?" मांडव्यापर्यंतचा वेळ त्यात गेला.

मांडव्याहून अलिबाग, अलिबागहून सहा आसनी रिक्षाने नागाव, चौल. या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ता असा जातो की डिसेंबरच्या उन्हालाही वाट विचारीत खाली यावे लागते. आई एकेका वळणावर मान बाहेर काढून बघत होती. "इथे रहाट होता," ती म्हणाली. "बैलांचा. पहाटे शिपणं सुरू झालं की त्या आवाजानं जाग यायची." आता तिथे विजेचा पंप होता आणि 'घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी होती. आजोळचे घर कोणते, ते तिने दाखविले नाही. आम्हीही विचारले नाही.

रेवदंडा आले ते अकस्मात. रस्ता चाललेला असतो आणि एकदम दोन्ही बाजूंना काळ्या दगडाची जाडजूड भिंत उभी राहते. एस.टी., रिक्षा, सायकली सगळ्या तटाच्या पोटातून आत घुसतात. तटाच्या आत घरे, शाळा, दुकाने, वाड्या. एक सबंध गाव युरोपच्या अंगरख्यात शिरून बसला आहे आणि अंगरखा कोणाचा याची त्याला फिकीर नाही.

तिथे माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा हा मुलगा आता याच भागात प्राथमिक शिक्षक आहे. वाकून नमस्कार करून त्याने चिरंजिवाच्या हातातली छत्री घेतली आणि तो आमचा वाटाड्या झाला.

त्याने आधी नेले दरवाजाशी. कमानीवर पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह कोरलेले आहे. पावसाने त्याची धार गेली असली तरी मुकुट ओळखू येतो. मी व्याख्यान सुरू केले. सवय आहे, इलाज नाही. १५०८ साली याच बंदरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो इजिप्तच्या आरमाराशी लढताना मेला आणि बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड उगवला. १५२४ साली वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो आधी चौललाच उतरला. तीनच महिन्यांनी कोचीला त्याने देह ठेवला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने प्रचंड फौजेनिशी चौलला वेढा घातला, तिकडे आदिलशहाने गोव्याला; महिनेच्या महिने लढून दोघेही हात हलवीत परत गेले.

"बाबा," चिरंजीव म्हणाला, "काकांच्या गाईडने एवढं सांगितलं नव्हतं."

"म्हणूनच ते खूश होते," सौ. म्हणाली.

मी आटोपते घेतले. पण एक मनुष्य मात्र मला टाळता येईना. शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी, १४७०च्या आगेमागे, हा गडी एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोडा इथे चांगल्या किमतीला विकू, एवढाच त्याचा बेत. तो घोडा पुढे जुन्नरच्या खानाने अडकवून ठेवला आणि बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. त्याने लिहून ठेवले आहे की मी जाईन तिथे माणसांचा घोळका माझ्या मागे असतो, गोरा माणूस म्हणून मला बघायला! १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन मंडळींबरोबर त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. त्यात नर्गिस होती. आईला चित्रपटाचे नाव आठवत होते. निकितीनला घोळक्याने पाहणाऱ्यांत तिचे कोणी पूर्वज असतील, असे मी म्हणालो. "असतीलच," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळे तसलेच चौकस."

सातखणी बुरूज हे इथले प्रमुख प्रेक्षणीय स्थळ. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा, सेंट बार्बराचा हा मनोरा. नावाप्रमाणे कधीकाळी तो सात मजल्यांचा असावा. वरचे मजले ढासळले आहेत. माडांच्या शेंड्यांच्या वर डोके काढून तो अजून समुद्राकडे बघतो. पायथ्याशी तोफा आणि गंजलेले गोळे पडलेले आहेत. आई लांबच थांबली. लहानपणी 'सातखणीत फिरंग्याचं भूत आहे' म्हणून तिला दटावून ठेवले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, ते भूत अजून तिच्या मनातून उतरले नव्हते. चिरंजीव आत जाऊन वर बघून आला. "आजी, भूत नाही. नुसतं आकाश आहे."

खरे पाहण्याजोगे आहे ते वाड्यांतून. पायवाटेने पोफळीत शिरावे आणि समोर एखादी चर्चची भिंत यावी, खिडकीच्या कमानीतून पलीकडच्या केळी दिसाव्यात. एका चर्चच्या गाभाऱ्याच्या जागी नारळाच्या सोडणांचा ढीग रचला होता. वाडीचे मालक पाण्याची पाळी देत होते. "हे फिरंग्यांचं देऊळ," ते म्हणाले. "माझ्या पणज्याच्या वेळेपास्नं सोडणं इथंच ठेवतो. कोरडी राहतात." त्यांच्या बोलण्यात ना तुच्छता होती ना अभिमान. व्हिएन्नात चर्च पाहायला तिकीट पडते. इथे मालकांनी आम्हांला चार शहाळी फोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

कन्या मात्र कंटाळली होती. "बाबा, यात युरोप कुठे आहे? दगड आहेत फक्त."

तिचे म्हणणे मला मनातून पटले होते, म्हणून मी तिला रागावलो. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, १७४० च्या तहात चौल आणि समोरचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला, आणि साहेब लोक गलबते भरून गोव्याला निघून गेले. जाताना नेण्यासारखे सगळे नेले असणार. उरला तो दगड.

आता राहिली नदीची सफर. विद्यार्थ्याच्या ओळखीच्या एका कोळीबुवांनी इंजिनाची होडी आणली होती. कुंडलिका सह्याद्रीतून कोलाड, रोहा करीत इथे समुद्राला मिळते. मुखाशी ती चांगली ऐसपैस होते. वरच्या अंगाला साळावचा पूल, त्यापलीकडे कारखान्याची धुराडी, आणि समोर कोर्लईचा डोंगर पाण्यात लांब पडलेल्या सुसरीसारखा. पाठीवर किल्ल्याच्या भिंती, कडेला दीपगृह. पोर्तुगीज त्याला चौलचा मोरो म्हणत. तो आधी निजामशहाचा होता. चौलच्या तोंडावर तोफा लावायला यापरती जागा नव्हती. म्हणून १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो हल्ला करून घेतला. होडीतून पाहताना हे सारे न सांगता कळते, कारण रेवदंड्याचा मनोरा आणि कोर्लईचा बुरूज एकमेकांकडे सारखे डोळे लावून असतात.

होडी डोंगराला वळसा घालून कोर्लई गावाच्या बाजूला आली. "जरा उतरू, चर्च पाहू," मी म्हणालो. उतरलो, पाहिले. नाताळचे कागदी तारे अजून दारोदार लटकत होते. परत येतो तो होडी चिखलात बसलेली.

"सुकती लागली," कोळीबुवा शांतपणे म्हणाले. "आता भरतीचं पाणी येईस्तोवर हलायची नाय."

"किती वेळ?"

त्यांनी खाडीकडे बघितले, जणू वेळापत्रक तिथे लावले होते. "दोनेक तास."

डॅन्यूबवर असे होत नाही, ही गोष्ट सौ.ने बोलून न दाखविता दाखविली. पुलावरून रिक्षाने परत जाता आले असते, पण आईचे पाय दुखत होते आणि तिला पाणी हवे होते. जवळच्या घराच्या ओटीवर एक बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. वय आईएवढेच असेल.

"बाई, थोडं पाणी मिळेल का?"

"या की, बसा. उन्हातान्हाच्या कुठं निघालात?" शुद्ध आमच्याकडची मराठी. अंगणात खेळणाऱ्या नातवाला त्यांनी पाणी आणायला पिटाळले, तेही मराठीतच. मग कुंपणापलीकडच्या शेजारणीला त्यांनी हाक मारून काहीतरी सांगितले, आणि मी ताठ बसलो.

ते मराठी नव्हते. कोकणीही नव्हते. सूर मात्र मराठी होता. डोळे मिटले असते तर वाटले असते, आपल्याच ओळखीचे बोलणे आहे, फक्त शब्द कोणीतरी बदलून ठेवले आहेत.

या भाषेविषयी मी वाचले होते. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एखाद्या वस्तूविषयी वाचावे तसे मी वाचले होते. ती वस्तू तांदूळ निवडताना ऐकू येईल, हे मनात आले नव्हते.

"तुम्ही आत्ता कोणती भाषा बोललात?" मी विचारले.

बाई संकोचल्या. "ती आमची. नॉ लिंग."

चिरंजीव फिसकन हसला. व्याकरण शिकविणाऱ्या मला पुल्लिंग-स्त्रीलिंग आठवले, ते सोडा. पण हे लिंग म्हणजे पोर्तुगीज 'लिंग्वा', जीभ, भाषा. नॉ लिंग म्हणजे आपली भाषा. तिला क्रिस्तीही म्हणतात. १७४० साली श्रीमंत फिरंगी गोव्याला गेले, पण त्यांच्या घरात आणि शेतात राबणारी, बाटून ख्रिस्ती झालेली इथलीच गोरगरीब माणसे कुठे जाणार? ती खाडीपलीकडे राहिली. मालक गेले, मालकांची भाषा चाकरांच्या तोंडी राहिली आणि पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली. आज ती बोलणारी माणसे जगात साधारण हजारभर. आणि ती सगळी या ओटीच्या आसपास.

मी खिशातून वही काढली. "बाई, 'मी भात खातो' हे तुमच्या भाषेत कसं म्हणाल?"

त्यांनी सांगितले. मी पुन्हा म्हणायला लावले. आईने माझ्याकडे असे पाहिले की लहानपणी पाहुण्यांकडे मी दुसऱ्यांदा लाडू मागितला तेव्हाची आठवण झाली. पण मला राहवेना. पोर्तुगीज माणूस 'मी खातो भात' म्हणेल. त्यांचे क्रियापद मध्ये येते. बाईंचे क्रियापद शेवटी आले, मराठीसारखे! शब्द लिस्बनचे आणि चाल अष्टागराची. शेजारच्या भाषेशी इतकी वर्षे नांदता नांदता तिने शब्द आपले ठेवले आणि बसण्या-उठण्याची रीत आमची घेतली. सासरी आलेल्या सुनेने याहून वेगळे काय केले असते?

"आपणही त्यांचे घेतले," मी मुलांकडे वळून म्हणालो. "पाव, बटाटा, चावी, परात, घमेले, पगार, तुरुंग, लिलाव. सगळे पोर्तुगीज."

"पगार पण?" सौ.ने विचारले. "तरीच बाहेरचा वाटतो."

नातवाने चिरंजिवाला आकडे म्हणून दाखविले. 'दोय' ऐकताच चिरंजीव ओरडला, "दोन!" पण तिसऱ्या-चौथ्या आकड्याशी नातू अडखळला आणि आजीकडे बघू लागला. आजीने पुढचे आकडे सांगितले.

"याला येत नाही का?" कन्येने विचारले. इतका वेळ ती खांबाला टेकून उभी होती.

"समजतं. बोलत नाय." बाईंनी सुपातले खडे बाजूला केले. "आम्हीच मराठी बोलतो पोरांशी. चर्चात प्रार्थना मराठीत, बाजार मराठीत, शाळा मराठी. घरात हे बोललं तर शाळेत मागं पडतात. गुरुजी सांगतात, घरी मराठी बोला, म्हणजे मार्क बरे मिळतील."

माझा विद्यार्थी ओटीच्या पायरीवर बसला होता. त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "सर," तो हळू म्हणाला, "मीसुद्धा सांगितलंय. इथल्या नाही, दुसऱ्या वाडीतल्या आदिवासी पालकांना. 'घरी मराठी बोलत जा.' मुलं खरंच पुढं जातात हो." मग थोड्या वेळाने, "तुम्हीच निरोप समारंभात म्हणाला होतात, मराठी घराघरांत पोचवा."

म्हणालो होतो. टाळ्याही मिळाल्या होत्या.

कोणी काही बोलेना. तेवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, म्हणजे इथे आपणच इंग्लिश."

तिच्या आवाजात खोच नव्हती. गणित सुटल्यावर मुले बोलतात तसे ती बोलली. मी पंचवीस वर्षे सभांतून, वर्गांतून, आणि गेले दोन आठवडे माझ्याच घरात, मोठ्या भाषेने लहान भाषेला गिळण्याविषयी बोलत आलो. गिळणारी ती आणि गिळले जाणारे आम्ही, यात मला कधी शंका आली नाही. आता समोर तीच तक्रार, तेच गुणांचे कारण, तीच समजूतदार आजी; फक्त मी बाकाच्या दुसऱ्या बाजूला. मी उत्तर शोधीत होतो. मराठीने कोणावर सक्ती केलेली नाही, असे म्हणता आले असते. इंग्रजीची तरी सक्ती कोणी केली होती, असे तिने लगेच विचारले असते. तिला वाद घालायला मीच शिकविले आहे.

"तुम्हांला वाईट नाही वाटत?" तिने बाईंना विचारले.

बाई हसल्या. "वाटतं ना. पण पोराला नोकरी लागली तर मला बरं वाटेल की नाय?" मग जराशाने म्हणाल्या, "मी एकटी असले की बोलते. कोंबड्यांशी बोलते. त्यांना हीच समजते."

त्या आत गेल्या आणि नाताळच्या फराळाची थाळी घेऊन आल्या. आत गोड सारणाच्या करंज्या! आईने एक उचलली आणि कातरलेली कड उलटसुलट करून पाहिली. "अगदी आमच्यासारखी मुरड. कातण कुठलं वापरता?" आणि दोघींचे जे सुरू झाले ते खोबऱ्याचा कीस, खसखस, रव्याचा मोहन, अशा वाटेने भरती येईपर्यंत चालले. आईच्या आजोळी, तिच्या लहानपणी, कोर्लईच्या ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणीसुद्धा चालले नसते. हे आईला माहीत होते, आणि बाईंनाही माहीत असणार. दोघींनी तो विषय काढला नाही. आईने तीन करंज्या खाल्ल्या, इतकेच सांगतो.

कन्या बाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. माझ्या हातातली वही तिने मागून घेतली. सूप, तांदूळ, कोंबडी, पाणी, आजी. एकेका वस्तूकडे बोट दाखवून ती विचारीत होती आणि लिहीत होती. मी डोकावलो. देवनागरीत लिहीत होती. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच होता. मी दुरुस्त करायला बोट पुढे केले, सौ.ने ते धरून मागे ओढले.

साडेचारच्या सुमारास कोळीबुवांनी खालून हाळी दिली. पाणी होडीच्या पोटाखाली आले होते. निघताना बाईंनी उरलेल्या करंज्या स्टीलच्या डब्यात भरून आईच्या हातात ठेवल्या. परत जाताना ऊन सातखणीच्या मनोऱ्यावर पडले होते आणि तो दुपारी दिसला त्यापेक्षा उंच दिसत होता; बहुधा आम्ही पाण्यावर होतो म्हणून.

हे सारे गेल्या डिसेंबरातले. साडूंना आम्ही छायाचित्रे दाखविली. त्यांनी विचारले, "कॉफी कशी होती?"

अकरावीच्या अर्जात कन्येने फ्रेंचच घेतले. मी काही बोललो नाही, आणि बोललो नाही याचे तिला नवल वाटले असावे. कारण त्या रात्री तिने होऊन माझ्या टेबलावर ती वही आणून ठेवली. फ्रेंच शब्दांचे तिसरे घर तिने शेजारी आखले होते: नॉ लिंग, मराठी, फ्रेंच. काही जोड्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. काही रकाने रिकामे होते. "बाबा, हे विचारायचे राहिलेत," ती म्हणाली.

आईचे टुमणे निराळे आहे. तो डबा अजून आमच्याकडेच आहे, आणि कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. चकल्या झाल्या आहेत, अनारसे आज तळायचे आहेत. भाऊबीज झाली की रविवारी सकाळच्या बोटीने जायचे, असे तिने परस्पर ठरविले आहे. मला फक्त भरतीची वेळ बघून ठेवायला सांगितली आहे.